बाबांसाठी लिहिलेली ओळ

मित्र गेला आणि त्याची लायब्ररी माझ्या गळ्यात पडली. लायब्ररी म्हणजे जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये नेणारा कोड, इतर प्रोग्रॅमांनी आत घेऊन वापरायचा. गोंदियाच्या बाजारातल्या एका खोलीत आम्ही दोघांनी धंदा मांडला होता. लिहायचा तो, विकायचो मी. मेंदूच्या मलेरियाने त्याला आठ दिवसांत नेलं. त्याची खुर्ची मी हलवली नाही.

त्याला एक खोड होती. काळ्या स्क्रीनवर आज्ञा टाईप करून चालवायचे छोटे छोटे प्रोग्रॅम तो त्या लायब्ररीतच कोंबायचा. आमचं मुख्य गिऱ्हाईक, एक प्रेसवाला, वैतागला. "भैया, मुझे सिर्फ दूल्हा चाहिए, तुम पूरी बारात भेज देते हो." त्याचं खरंच होतं. एखादा फालतू प्रोग्रॅम अडला की अख्खी लायब्ररी अडायची. मी ते सगळे वेगळे काढायला बसलो.

दोन आठवडे मी मेलेल्या माणसाशी भांडलो. एका जागी त्याने लिहून ठेवलं होतं, 'इथं हात लावू नको.' तिथे हात लावताना माझी मान आपोआप रिकाम्या खुर्चीकडे वळली. खोटं कशाला सांगू, भीती वाटली. म्हणून मी जास्तच झपाट्याने साफसफाई केली. प्रोग्रॅमांचं वेगळं पॅकेज केलं, त्याच्या गावठी सूचना पुसून शुद्ध मराठीत लिहिल्या. एक तर अशी होती: 'बाबा, नाव चुकलं जी. चष्मा कुठं ठेवला?' गिऱ्हाइकाला असं विचारतात का? तिथे मी 'फाइल सापडली नाही' असं टाकलं.

तो प्रोग्रॅम वापरणारा एकच माणूस होता, केशोरीत राहणारे त्याचे वडील. निवृत्त मास्तर. गावाची टाईप करून ठेवलेली जुनी माहिती ते थोडी थोडी नव्या फॉन्टमध्ये आणत होते. नवं पॅकेज बसवायला मी स्वतः गेलो. बसवून झाल्यावर म्हटलं, "बाबाजी, चालवून पाहा."

मास्तरांनी चष्मा काढला, खिशात ठेवला आणि फाईलचं नाव टाईप केलं. चुकलं. माझी ओळ आली. ते थांबले. मग तेच चुकीचं नाव पुन्हा टाईप केलं, या वेळी एकेक अक्षर जपून.

"काऊन रे," ते म्हणाले, "हा आज काही इचारून नाही राहिला?"

मला उभ्या उभ्या लाज वाटली. जुनी ओळ पाठ होती. मी ती होती तशी परत लिहिली आणि खुर्ची त्यांना दिली. त्यांनी पुन्हा चुकीचं नाव टाकलं. ओळ आली.

"लावतो रे बाबू," मास्तर स्क्रीनला म्हणाले आणि खिशातून चष्मा काढून लावला. मग बरोबर नाव टाकलं. फाईल बदलून झाली. स्क्रीनवर काहीच उमटलं नाही, तरी ते बघत राहिले.

"तो म्हणते, काम झालं, बाबा, आता जेवून घ्या," असं मला सांगून ते हात धुवायला उठले.

गोंदियाला परतल्यावर मी जुना कोड पहिल्या दिवसापासून तपासला. तीनदा तपासला. 'आता जेवून घ्या' ही ओळ त्याने कधीच लिहिली नव्हती. मीही ती घातली नाही.