एक पोशाख बाकी ठेवणारी अक्का

अक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वर्गात शिकवत होते. शाळेचा शिपाई दारात येऊन उभा राहिला, आणि त्याच्यामागे शहाद्याचे दाजींचे शेजारी दिसले. टोपी हातात घेतलेली. "ताई, चला आते," एवढंच ते म्हणाले. नंदुरबारहून शहाद्याला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसले, पण रडू आलं नाही. सारखं एकच मनात येत होतं, सुटली बिचारी... आपल्या सख्ख्या थोरल्या बहिणीबद्दल असं वाटावं, इतकी तिची दशा झाली होती. आता काही आठवडे उलटले आहेत, आणि रडू आता येतं, भाकरी थापताना, फळा पुसताना, कधीही.

आम्ही म्हसावदचे शिंपी. दादांचं, म्हणजे वडिलांचं, मशीन ओट्यावर असायचं आणि त्याच्या पायाशी चिंध्यांचा ढीग. त्या ढिगात आम्ही दोघी वाढलो. मी चिंध्यांवर झोपायचे, अक्का त्यांतून बाहुल्यांचे घागरे करायची. पुढे तिचं लग्न शहाद्याच्या दत्तात्रयरावांशी झालं. त्यांचा फोटोचा स्टुडिओ होता. तळं, कमळं आणि दोन खांब रंगवलेला पडदा, त्याच्यापुढे एक खुर्ची, आणि तिपाईवरचा मोठा लाकडी कॅमेरा. काळं फडकं डोक्यावर घेऊन दाजी त्यात शिरले की गावातला भलाभला माणूस ताठ बसायचा. दाजी अबोल, अक्का बोलकी. वर्षभरात नंदा झाली आणि त्या घरात काही कमी आहे असं कुणाला वाटलं नसतं.

नंदा आठेक वर्षांची असताना तिचे सांधे सुजले, ताप हटेना. धुळ्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ती काढलीच नाही. हृदयाची झडप गेली होती. मुंबईला शस्त्रक्रिया होते म्हणतात, पण ही पोर ती सोसणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. धावायचं नाही, जिना चढायचा नाही, दमायचं नाही. शाळा सुटली. नंदा दिवसभर ओट्यावर बसून रस्ता बघायची. एका उन्हाळ्यात समोरच्या पटांगणात धुळीची वावटळ उठली, पानं आणि कागद गरगरत वर गेले. नंदा ती संपेपर्यंत बघत राहिली आणि म्हणाली, "आई, माले वावटळ व्हवानं शे."

दुसरी आई असती तर पदर डोळ्यांना लावला असता. अक्काने तिला वावटळ करायला दाजींचं जुनं धोतर फाडायला घेतलं. त्याच्या लांब पट्ट्या गेरूत आणि मातीत बुडवून वाळवल्या, तुरीच्या काड्यांचा हलका सांगाडा करून त्यावर शिवल्या. दाजींनी कॅमेरा बैलगाडीत घातला, नंदाला गोधडीवर बसवलं, आणि ज्वारी काढलेल्या एका मोकळ्या वावरात जाऊन पहिला फोटो काढला. त्यात माझी भाची कुठंच आजारी दिसत नाही. आत्ता गरगरत निघून जाईल असं वाटतं.

मग ते थांबलंच नाही. सिगारेटच्या पाकिटांतली चांदी गोळा करून अक्काने खवले कापले आणि नंदा तापीच्या खडकावर मासोळी होऊन बसली. केळीच्या सोपटांचा घागरा घालून ती केळीच्या बागेची राणी झाली. होळीच्या दिवसांत सातपुड्याच्या पायथ्याशी पळस फुलला तेव्हा मी सोबत होते. फुलं तोडून घरी आणली तर सुकतात, म्हणून अक्का तिथंच झाडाखाली बसून दातांत दोरा धरून एकेक फूल टाचत होती आणि दाजी ऊन सरकतंय म्हणून हवालदिल झाले होते. जळत्या झाडाखाली जळती पोर! फोटो झाल्यावर नंदाला धाप लागली, ओठ निळे पडले. गाडीत अक्काने तिला छातीशी धरलं. बाजारात बायका म्हणायच्या, पोर मरणाला टेकली आणि ही तिला नटवते. अक्का ऐकायची आणि चांदीचे कागद मागून पुढे जायची.

माझ्या एक ध्यानात आलं होतं. एक पोशाख पुरा व्हायच्या आत ती दुसरा कापायला घ्यायची. मशीनवर नेहमी काहीतरी अर्धं असायचं. एकदा मी विचारलं, "अक्का, इतली घाई कसानी करस?" तिने मशीन थांबवलं, नंदा झोपली आहे ना ते पाहिलं आणि हळूच म्हणाली, "एक बाकी ऱ्हायना ना शकू, मंग ती थांबस. तिले तो घालवानं ऱ्हास." एक पोशाख घालायचा बाकी असेल तोवर नंदा थांबणार, असा तिचा हिशेब. डॉक्टरांची औषधं, नवस, उपास सगळं करून झालं होतं. आता माझी बहीण सुईदोऱ्याने मुलीला धरून ठेवत होती.

शेवटचा पोशाख बगळीचा. तापीकाठी पांढऱ्या बगळ्या उतरतात तसं नंदाला एका पायावर उभं राहायचं होतं. उजवा पंख झाला होता. डावा मशीनवर होता. त्या थंडीत एका सकाळी चहा पिता पिता नंदाने मान आईच्या खांद्यावर टाकली, आणि ती परत उचलली नाही.

मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. दादाही म्हसावदहून आले होते. आतून मशीनचा आवाज येत होता. मला वाटलं, भास होतोय. अक्का डावा पंख शिवत होती. नंदा शेजारी चटईवर. कुणीतरी दाजींना म्हणालं, "दत्तूभाऊ, शेवटला फोटो काढी ल्या." गेलेल्या माणसाचा फोटो काढून ठेवायची तेव्हा रीतच होती. गावातल्या कितीतरी घरांतले असे फोटो दाजींनीच काढलेले. अक्का वळली. "मिटेल डोळास्ना फोटो मन्हा घरमां नको." आणि पुन्हा मशीन सुरू. बाहेर चुळबुळ वाढली, वेळ होतोय असं एक वडीलधारे म्हणाले. दादा ओट्यावर डोकं धरून बसले होते, ते उठून दारात आडवे उभे राहिले. "शिवू द्या तिले. मन्ही पोर कधी काम अर्धं सोडत नही."

दादांना काय माहीत...

अक्काने शेवटचा टाका घातला, दोरा दातांनी तोडला. पंख हातांवर घेऊन थोडा वेळ बघत राहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आते काहीच बाकी नही." मग मात्र तिने जो टाहो फोडला तो मला अजून ऐकू येतो. नंदा बगळीच्याच पोशाखात गेली. कुणी अडवलं नाही.

त्यानंतर अक्का चार-पाच वर्षं जगली, असं म्हणायचं. मशीनवर तिने चादर टाकली. मधूनच उठून दाजींना म्हणायची, "चला, कॅमेरा ल्या." आणि दाजी गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी निघायचे. एकदा सुट्टीत मी बरोबर गेले. तापीच्या त्या खडकासमोर अक्काने तिपाई लावायला सांगितली.

"काढा."

"काय काढू, विमल?"

"ती जठे बठेल व्हती, ते."

दाजी काळ्या फडक्यात शिरले. फडकं बराच वेळ हलत होतं. शेवटी त्यांनी हात बाहेर काढून भिंगावरचं झाकण उघडलं आणि लावलं. रिकामा खडक, रिकामं वावर, केळीची रिकामी ओळ... असे फोटो घेऊन अक्का उजेडात बसायची आणि नखाएवढ्या जागेत काहीतरी शोधायची. हळूहळू गिऱ्हाईक तुटलं. अक्काचं जेवणही तुटलं. यंदा साधा ताप आला, आणि तो तिला घेऊन गेला.

दहाव्याला हार घालायला फोटो हवा म्हणून मी कपाटं उघडली. फोटोवाल्याच्या घरात त्याच्या बायकोचा एकही फोटो निघेना. स्टुडिओत बसायला तिला कधी फुरसतच झाली नव्हती. मी दाजींना विचारलं. ते उठून आतल्या अंधाऱ्या खोलीत गेले आणि एका फोटोच्या निगेटिव्हची काच घेऊन आले. उजेडापुढे धरली. नंदा ढग झाली होती. पिंजलेल्या कापसाचा पोशाख, मागे सातपुड्याची रांग. हा फोटो शेवटच्या वर्षातला. तेव्हा मी शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी धुळ्याला होते, म्हणून मी तो पाहिला नव्हता. काचेवर कमरेपाशी लाल रंगाचे ठिपके होते. तसा रंग लावला की छापताना तेवढी जागा पांढरी येते, काही नको असलेलं झाकता येतं, हे मला ठाऊक होतं.

"त्या वरीसले पोरले उभं ऱ्हावाये ना," दाजी म्हणाले. "विमल मांगून पोशाखमां शिरे. तिले धरी ठेवे. मी बोटं झाकी टाकू. ती म्हने, मन्ही पोर एकटी उभी दिसाले पाहिजे."

दाजींनी कापसाचा बोळा ओला केला आणि तो लाल रंग पुसायला घेतला. एकही ओरखडा काचेवर पडू दिला नाही. मग त्यांनी तो फोटो मोठा छापला, स्वतः चौकटीत बसवला.

दहाव्याला माणसं आली, फोटोपाशी थबकली, एकमेकांकडे बघू लागली. हा तर लेकीचा फोटो! दाजींनी कुणाला काही सांगितलं नाही. ढगाच्या कापसात, नंदाच्या कमरेशी, चार बोटं आहेत आणि मनगटावरच्या बांगड्यांची कड. बोटं घट्ट रुतलेली आहेत. झेंडूचा हार जड होता, तो खाली घसरून नेमका त्यांच्यावर आला होता. मी पुढे झाले आणि तो थोडा वर सरकवला.