दोन डिस्कचा भार

मानोऱ्याजवळच्या एका बंजारा तांड्यावर मी अकरा वर्षं शिकवलं. दुपारच्या सुट्टीत बायका निंबाखाली बसून गायच्या आणि मी मोबाइल पुढे धरून रेकॉर्ड करायची. लग्नात नवरी रडत रडत गाते तो ढावलो, पाळण्याची गाणी, मधेच एखादी कोंबडी, मधेच हसणं. साठत साठत दोन हार्डडिस्क भरल्या.

निवृत्त झाल्यावर मी तळहाताएवढा एक कॉम्प्युटर घेतला. नुसतं हिरवं बोर्ड. दोन्ही डिस्क त्याला जोडून तांड्यावरच्या समाजमंदिरात ठेवायच्या, म्हणजे ज्याला वाटेल त्याने वायफायवरून आपल्या मोबाइलवर ऐकावं. पण दुसरी डिस्क लावली की दोन्ही टिकटिक करायच्या आणि गाणं अर्ध्यात तुटायचं. चार तोंडांचा एक यूएसबी हब आणून लावला, तरी तेच. डिस्कच मरतायत की काय या भीतीने सगळं पिशवीत भरलं आणि रिसोडला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले.

काकांनी माझा हब उलटसुलट पाहिला. "तुमी नळ वाढवले मॅडम, पाणी तेवढंच हाये. या बोर्डाले दोन डिस्कचा भार झेपत नाही. हबले सोताचं अडॅप्टर पाह्यजे."

त्यांनी कपाटातून तसा एक हब काढून जोडला. दोन्ही डिस्क फिरू लागल्या. मी पर्स उघडली.

"थांबा," म्हणत त्यांनी बोर्डाची विजेची वायर उपसली. बोर्डावरचा लाल दिवा विझायला हवा होता. तो मंद जळत राहिला, अर्धवट झोपेत असल्यासारखा. "पाहा. हब उलटा करंट बोर्डात ढकलून राह्यला. एखाद्या दिवशी बोर्ड जाईन."

मग त्यांनी काढलेला दुसरा हब जरा जाड होता, त्याचं अडॅप्टर पाच व्होल्ट, चार अँपिअरचं. तो जोडून त्यांनी पुन्हा वायर उपसली. लाल दिवा लगेच विझला. वायर परत जोडली, डिस्क फिरल्या, आणि दुकानात ढावलो सुरू झाला. मी डिस्कवर हात ठेवला. आत बारीक थरथर होती. बाहेर एसटीचा हॉर्न वाजत होता, पण मला तो फार लांबून ऐकू येत होता.

ऊसतोडीहून लोक परतले त्या आठवड्यात समाजमंदिरात एक बाई आली. तिची माय दोन वर्षांपूर्वी वारली होती. मी तिच्या मोबाइलवर एक गाणं लावून दिलं. मधे कुणीतरी खुदकन हसलं, तसं तिने गाणं थांबवलं.

"मॅडम, हे हसनं माह्या मायचं हाये."

गाणं तिला नको होतं. ती पुन्हा पुन्हा तेवढंच मागे घेऊन ऐकत राहिली, मोबाइल गालाला लावून, डोळे मिटून. खिडकीतलं ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं. मग तिने ती फाइल आपल्या मोबाइलवर उतरवून घेतली, पदर सारखा केला आणि स्वयंपाकाला निघून गेली.