या नावाचं इथं कुणी राहत नाही

माझ्याकडे लिहिण्यासारखं काही आहे की नाही, याची मला खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि आठवणी लिहिणारी माणसं वयानं, मानानं मोठी असतात असंच मी समजत आलो. तेव्हा हे धाडस केल्याबद्दल आधीच माफी मागतो. शिवाय जे सांगणार आहे त्यात मी चांगला वागलेलो नाही, आणि राग अजून पुरता गेलेला नाही.

आम्ही नवी मुंबईत, सीवूड्सजवळच्या जुन्या गावात भाड्यानं राहतो. तळमजल्यावर घरमालकीण, तिला सगळे काकी म्हणतात. वर आमच्यासारखी चार बिऱ्हाडं. वडील जासईच्या कंटेनर यार्डात फोर्कलिफ्ट चालवतात, आई दोन घरी स्वयंपाक करते, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

गेल्या वर्षी वडिलांनी उलव्यात एक वन रूम किचन पाहिलं. विकणारे गृहस्थ निवृत्त होते, त्यांना गावी जायचं होतं. टोकनचे पैसे घेताना त्यांनी स्पष्ट सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत बँकेचं मंजुरीचं पत्र आणा. नाही आणलं तर मी थांबणार नाही. मागनं रडारड नको."

घरी आल्यावर वडील म्हणाले, "घर नावावर होईस्तोवर कुणाला बोलायचं नाही. खाली तर अजिबात नाही. तिला कळलं तर ती उद्याच खोलीला दुसरं गिऱ्हाईक बघेल."

कर्जाचा अर्ज इंग्रजीत होता, म्हणून तो मी भरला. वडिलांना सही कुठं करायची ते बोटानं दाखवत गेलो, आणि ते निमूट करत गेले. मला त्या संध्याकाळी स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

दोन आठवड्यांनी अर्ज नाकारल्याचा मेसेज आला. वडिलांनी अर्धी रजा टाकली आणि आम्ही बँकेत गेलो. टेबलामागच्या मॅडमनी स्क्रीनवरून नजर काढली नाही.

"निगेटिव्ह आलंय."

"मॅडम, पगाराच्या स्लिपा, आधार, सगळं जोडलंय," मी म्हणालो.

"कागद ठीक आहेत. पत्ता निगेटिव्ह आहे. आमचा माणूस घरी जाऊन आला. खालच्या बाई म्हणाल्या, या नावाचं इथं कुणी राहत नाही."

"राहत नाही म्हणजे?" वडील म्हणाले. "नऊ वर्षं राहतोय आम्ही."

"मग ते त्या बाईंना विचारा ना. मला कशाला?" आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू शिकतोस ना रे? घरी येऊन पडताळणी होईल असं अर्जात लिहिलंय. वाचलं नाहीस?"

मी वाचलं होतं. म्हणजे नजर फिरवली होती.

शेवटी त्या म्हणाल्या, "घरमालकिणीचं सहीचं पत्र आणा, मग माणूस परत पाठवते. कधी येईल ते सांगणार नाही."

बाहेर आल्यावर वडील एवढंच बोलले, "तू वाचतोयस म्हणून मी सही करत होतो."

परतीच्या बसमध्ये मला सगळं आठवलं. आमच्या गावात हप्त्यावर बाइक घेतलेली पोरं पुष्कळ आहेत. हप्ता थकला की शर्ट खोचलेला, हातात फाइल घेतलेला माणूस येतो. तो कुणाचंही नाव घेऊ दे, काकीचं उत्तर ठरलेलं असतं. आठवड्यापूर्वीच तिनं आईला जिन्यात हाक मारून सांगितलं होतं, "तुमच्याकडं वसुलीवाला आलता गो. हाकलला मी. सांगितलं, या नावाचा कोनी रात नाय इथं." आम्ही कुणाचं काही थकवलेलं नव्हतं, नाव चुकलं असेल असं समजून आई हसली. तिनं काकीला वाटीभर शेंगदाण्याची चटणीसुद्धा नेऊन दिली. मीही हसलो होतो.

घरी पोचलो तेव्हा काकी अंगणात जवळा निवडत बसली होती. मी चपलाही काढल्या नाहीत.

"काकी, त्या माणसाला खोटं का सांगितलंत?"

मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला. मला वाटलं, आता तिला वाईट वाटेल.

"घर घेताय तुमी?"

"हो."

"नऊ वरसं माझ्या डोक्यावर नांदताय, नि मला सांगाया तोंड नाय तुमाला? सांगितलं असतं तं त्याला चा पाजून वर आनला असता."

ती खरं बोलत होती, म्हणूनच मी जास्त चिडलो. बसमध्ये लिहून काढलेलं पत्र तिच्यापुढं धरलं. "इथं सही करा."

"सही नाय करनार."

"हे लोक माझ्या घरी भाड्यानं राहतात, एवढंच लिहिलंय."

"एवढंच लिवलंय असं सांगूनच माझ्या सासऱ्याचा अंगठा घेतला होता. शेती गेली. आता तिथं बिल्डिंगी हायत. कोनाच्या कागदावर मी सही करीत नाय."

"तुम्हाला वाचता येत नाही म्हणून आमचं घर घालवायचं का?"

हे मी इतक्या मोठ्यानं म्हणालो की वरची बिऱ्हाडं कठड्याशी आली. काकी उठली नाही.

"तुला येतं ना वाचाया, बाला? मंग तुझं का जातंय?"

आई धावत खाली आली आणि दंडाला धरून मला वर घेऊन गेली. "जा, पाया पड तिच्या," म्हणाली. मी गेलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकी पाण्याची मोटर सकाळी अर्ध्या तासाऐवजी दहाच मिनिटं लावू लागली. बाकीची बिऱ्हाडं माझ्याकडे रागानं बघत. पाचव्या दिवशी आई खाली गेली आणि काकीशेजारी बसून दुपारभर जवळा निवडत राहिली. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. सही मिळाली नाहीच, पण काकीच्या नावाच्या लाइटबिलाची झेरॉक्स मिळाली. बँकेतल्या मॅडमनी ती दोन बोटांनी उचलली. "सहीचं म्हटलं होतं मी," म्हणाल्या, पण ठेवून घेतली.

माणूस कधी येईल ते माहीत नव्हतं, म्हणून मी लेक्चर्स बुडवून घरी बसलो. तिसऱ्या दिवशी खालून आवाज आला. मी जिना उतरेपर्यंत काकीनं त्याला दारातच गाठलं होतं.

"परत आलास?"

"आजी, त्या दिवशी तुम्हीच म्हणालात ना, कुणी राहत नाही?"

"मीच म्हनाली. तवा तुझं थोबाड वसुलीवाल्याचं होतं. आजबी तसंच हाय. पन लिही. तिघं रातात. बाप कामाचा, आई गुनाची. पोरगा शिकलेला हाय, पन तोंडाचा वाईट."

त्यानं यातलं किती लिहून घेतलं, कुणास ठाऊक. मी पायरीवर उभा होतो. काकी माझ्याकडे न बघता आत गेली आणि तिनं कडी लावली.

महिना संपला. मी उलव्याच्या गृहस्थांना फोन करून आठवडाभर थांबायची विनंती केली. "बघू," म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या बुधवारी मी वर्गात असताना वडिलांनी यार्डातून बँकेचा मेसेज मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "काय म्हणतात?" कर्ज मंजूर झालं होतं. वडिलांना उत्तर देण्याआधी मी व्हरांड्यात येऊन त्या गृहस्थांना फोन लावला आणि धापा टाकत सांगितलं, की पत्र आलं, उद्याच घेऊन येतो.

"काल संध्याकाळी दुसऱ्यांचा चेक घेतला मी," ते म्हणाले. "मुदत सांगितली होती तुम्हाला. तुमचं टोकन परत न्यायला वडिलांना पाठव. दुपारनंतर, सकाळी मी घरी नसतो."