वांधा नाही

ओटा अर्धाच सारवून झाला होता. डावीकडचा भाग ओला, काळसर हिरवा दिसत होता आणि उजवीकडे चुलीपुढची राख अजून तशीच पडली होती. पुतळाबाईने शेणाच्या पाटीत पुन्हा हात घातला आणि मान वर केली, तर समोर दोन माणसं उभी. एकाच्या काखेत जाडजूड वही, दुसऱ्याच्या हातात शाईची डबी.

आदल्याच दिवशी हातपंपावर तिचं आणि शेजारच्या दुर्गाचं कडाक्याचं वाजलं होतं. दुर्गाचा हंडा बाजूला सारून पुतळाबाईने आपली कळशी लावली एवढंच निमित्त. पण दुर्गा कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "थांब, मोठ्या कचेरीत जाऊन सांगते तुझं नाव." आणि ही आली कचेरी.

वहीवाला तरुण होता, ललित नावाचा, गुजराती बोलणारा. स्वभावाने गोड. तो म्हणाला, "मासी, आ सामेना मेदानमां बगीचो बने छे. कंई वांधो?"

बाकीचं काही पुतळाबाईच्या कानात शिरलं नाही. एकच शब्द शिरला, वांधा. धुळ्याकडे वांधा म्हणजे तंटा. भाऊबंदांचा बांधावरून होतो तो वांधा, पंचापुढे जातो तो वांधा. तिने घाईघाईने मान हलवली.

"नाही ना साहेब. कसला वांधा? कोणाशीच वांधा नाही आमचा. बहिणी-बहिणींसारख्या राहतो."

ललितला त्यातलं 'नाही' तेवढं पुरलं. त्याने वहीत बोट ठेवून जागा दाखवली. पुतळाबाईने अंगठा पदराला पुसला आणि उमटवला. मग ती माणसं दुर्गाच्या दारात गेली. दुर्गानेही वरचढ होऊन सांगितलं, "वांधा? छे. पुतळाबाई माझी सख्खी बहीण समजा." आणि तिनेही अंगठा दिला.

माणसं पुढच्या दारी गेल्यावर दोघींची नजरानजर झाली आणि दोघींनाही हसू आवरेना. दुपारी दुर्गा वाटीभर ठेचा घेऊन आली. रात्री जेवताना पुतळाबाईचा नवरा झुंबर म्हणाला, "आज सरकार कशाले आलं व्हतं?"

"तंटा मिटवाले," ती म्हणाली.

"सरकारले दुसरं काम नई का?" असं म्हणून झुंबर भाकरीकडे वळला. तो दोऱ्याच्या कंपनीत होता. बारा तासांची पाळी करून आलेला माणूस सरकारची चिंता किती करणार?

हे त्र्याण्णव सालच्या पौषातलं. चाळीतल्या बाकीच्या घरीही थोड्याफार फरकाने असंच झालं. सगळे धुळे, साक्री, शिरपूरकडचे. परमुलखात आलेल्या माणसाला कचेरीपुढे आपण भांडखोर नाही हे आधी दाखवावं लागतं. ती शिकवण त्यांच्या हाडात होती.

पुतळाबाई सिल्वासात आली ती चौऱ्याऐंशी साली. तेव्हा कंपन्या नुकत्या भराभर उभ्या राहत होत्या आणि चाळीपुढे नुसतं माळरान होतं. तिच्या कडेवर सोनी होती, पाच वर्षांची, पोलिओने एक पाय लुळा आणि दुसरा अधू झालेली. गावी लोकांनी सल्ला दिला होता, हिला आजीपाशी ठेवून जा. पुतळाबाईने ऐकलं नाही. ती कानबाईची भक्त. देवीने दिलेली लेक, ती देवीच्या भरवशावर बरोबर आणली. मुंबईच्या एका शिबिरातून कुबड्या मिळाल्या, पुढे मोठ्या कुबड्या मिळाल्या, आणि सोनी माळ ओलांडून पलीकडच्या सरकारी मराठी शाळेत जायला लागली.

त्या माळावर वाट कोणी आखली नव्हती. पाळीला जाणाऱ्यांच्या, पाणी आणणाऱ्यांच्या, शाळेच्या पोरांच्या पायांनी ती पडली होती. पावसाळ्यात नीट पाहिलं तर वाटेच्या दोन्ही अंगांना चिखलात गोल खळगे दिसत, रांगेने, टिपक्यांच्या रांगोळीसारखे. ते सोनीच्या कुबड्यांचे. शाळेला दहा मिनिटं लागत. दुसरा रस्ता होता तो ट्रकचा. रांध्याच्या खाणींकडून खडी भरून येणारी वाहनं, कंपन्यांचे टेम्पो, आणि कडेला पाऊल टाकायलाही जागा नाही. त्या रस्त्याने शाळा दीड किलोमीटर.

सोनी त्या वर्षी नववीत होती. पुढे दहावी. दहावी झाली तर कचेरीत टायपिस्टची जागा अपंगांना राखून असते, असं कोणीतरी झुंबरला सांगितलं होतं. पुतळाबाईचा सारा जीव त्या एका गोष्टीवर टांगलेला. लग्नाचं ती मनात आणत नव्हती. खुर्चीत बसून करायचं काम लेकीला मिळावं, एवढंच देवीपाशी मागणं.

चैत्रात माळावर चुन्याच्या रेघा पडल्या. अक्षय तृतीयेच्या सुमाराला चाळीच्या अंगाला पाया खणायला सुरुवात झाली. पुतळाबाई पाट्या टाकणाऱ्या बाईला म्हणाली, "इथे काय होतंय व?"

"भिंत," ती बाई म्हणाली. "सहा फुटी."

"आणि वाट?"

"वाट कुठली? पुढून फाटक आहे ना, हमरस्त्याला."

पुतळाबाई तशीच उषाताईंकडे गेली. सरकारी क्वार्टरमध्ये ती त्यांची धुणीभांडी करायची. उषाताईंचे यजमान भास्करराव मूळचे रत्नागिरीकडचे, नकाशे करणाऱ्या कचेरीत आरेखक. उषाताई देवापुढे बसून वाती वळत होत्या. पुतळाबाईने उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं. भास्करराव आतून बाहेर आले.

"पुतळाबाई, तुम्ही तर लिहून दिलंय," ते म्हणाले. "वांधो नथी."

"ते तर दुर्गाशी वांधा नाही म्हणून."

भास्करराव हळूच म्हणाले, "अहो, गुजरातीत वांधो म्हणजे हरकत. बाग करायला तुमची हरकत आहे का, असं विचारत होते ते."

पुतळाबाई उंबऱ्यात खाली बसली. उषाताईंच्या बोटांतली वात तशीच राहिली.

"एकशे बेचाळीस घरं," भास्करराव म्हणाले, "आणि एकही हरकत नाही. साहेब खूश झाले होते. म्हणाले, इथली माणसं फार समजूतदार."

"मग आता घेते ना हरकत. आहे माझी हरकत. लिहा."

"मुदत तीस दिवसांची होती. माघातच संपली."

उषाताई म्हणाल्या, "पण रेघ तर तुम्हीच ओढता ना? जरा अलीकडे ओढली असती."

"मी रेघ ओढत नाही, उषा. पेन्सिलीची वरून येते. मी तिच्यावर शाई फिरवतो."

"आणि ही वाट दिसली नाही कोणाला?"

"रस्त्याला नकाशात खूण असते. पायवाटेला नसते. तिथे मोकळी जागा असं लिहिलंय." ते खुर्चीत बसले आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मोकळीच होती म्हणा ती. म्हणून तर सगळे जात होते."

उषाताईंनी पुतळाबाईला चहा दिला आणि तिने तो न पिताच कप विसळून ठेवला.

भास्करराव वाईट माणूस नव्हते. त्यांनीच दोन दिवसांनी सुचवलं की भिंत हलणार नाही, पण मागच्या अंगाला एक फाटक मागून पाहा. अर्ज त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला नाही, नोकरीचा प्रश्न होता. ते सांगत गेले आणि सोनीने लिहिला, सुवाच्य, समासासकट. या वेळी प्रत्येक घरी सोनी स्वतः गेली आणि अंगठा देण्यापूर्वी प्रत्येकाला वाचून दाखवला. दुर्गा म्हणाली, "पोरी, आता तर मी दोन्ही हातांचे अंगठे देते."

अर्ज घेऊन कचेरीत गेल्यावर साहेबांनी पुतळाबाईला आणि सोनीला आत बोलावलं. बसायला खुर्च्या दिल्या. चाळीच्या खोल्या कोंदट असतात, संध्याकाळी बायांना हवा खायला जागा नको का, पोरांना घसरगुंडी नको का, असं ते मायेने सांगत होते. खोटं बोलत नव्हते. बाग त्यांना खरोखर चाळीसाठीच हवी होती. त्यांनी अर्ज वाचला, सोनीच्या अक्षराचं कौतुक केलं आणि शेरा मारला. फाटक मंजूर.

त्या श्रावणात पुतळाबाईने कानबाईचे रोट जास्तीचे केले. नारळाला कुंकू लावून, नथ घालून, लुगडं नेसवून देवी पाटावर बसवली. रात्रभर बाया फुगड्या खेळल्या. सकाळी देवी डोक्यावर घेऊन दमणगंगेला निघताना अर्ध्या भिंतीपाशी सगळ्या थांबल्या. तिथे फाटकाची जागा सोडलेली होती. पुतळाबाईने त्या मोकळ्या जागेलाही हळदकुंकू वाहिलं. दहावीचं वर्ष सुरू झालंच होतं आणि अजून भिंतीच्या खिंडारातून सोनी जात होती.

फाटक दिवाळीनंतर बसलं.

लोखंडी नळ्यांचं, नागमोडी. एक नळी अशी, दुसरी तशी, मधून माणसाने आधी उजवीकडे आणि मग डावीकडे वळून निघायचं. गुरं आत शिरून रोपं खाऊ नयेत म्हणून अशी फाटकं करतात. माणूस वळतो, गाय वळत नाही. दुर्गा त्यातून वळत वळत पलीकडे गेली आणि म्हणाली, "फाटक केलंय का चाळणी? बारीक पीठ पलीकडे, कोंडा अलीकडे." सगळ्या हसल्या. पुतळाबाईही हसत पलीकडे गेली. मग तिने मागे सोनीकडे पाहिलं.

सोनी पहिल्या वळणापर्यंत नीट गेली. दुसऱ्या वळणाला कुबडी टेकवायला बाजूला जागाच नव्हती. तिने एक कुबडी उचलून पाहिली, ती नळीला अडकली. दुसरी मागे राहिली. ती तशीच मधे उभी, ना पुढे ना मागे. मागे पाळीला जाणारे पाचसहा जण येऊन थांबले. कोणी म्हणालं, "चलो ना बहन, भोंगा हो गया." वाईट बोललं नाही कोणी. पण थांबले होते, आणि बघत होते.

पुतळाबाई पलीकडून हात लांबवून म्हणाली, "कुबड्या दे माझ्याकडे. नळी धर. लंगडी घाल."

सोनीने कुबड्या दिल्या. नळी धरून ती दोन वेळा उडी मारल्यासारखी पुढे सरकली आणि आईच्या अंगावर कोसळली. मागचे लोक भराभर निघून गेले.

असं तीन आठवडे चाललं. रोज सकाळी पुतळाबाई उषाताईंचं काम अर्धं टाकून फाटकावर येई, संध्याकाळी पुन्हा. तिने बागेच्या राखणदाराला विनवलं. भगवंत त्याचं नाव. तो म्हणाला, "आत्या, मी झाडांचा राखणदार. फाटकाला कडी असती तर तुमच्यासाठी उघडली असती. याला कडीच नाही, उघडणार काय?"

ती पुन्हा साहेबांकडे गेली. या खेपेला खुर्ची मिळाली, पण साहेबांच्या चेहऱ्यावर कंटाळा होता. "फाटक मागितलंत, दिलं. आता ते मोठं करा म्हणता. मोठं केलं की उद्या गुरं शिरली म्हणून तुम्हीच अर्ज कराल." गुरं शिरली असती हे खरंच होतं. चाळीतल्या तिघांच्या शेळ्या होत्या आणि एकीची गाय. घरी येताना तिला वाटलं, आपण दर वेळी नेमकं तेवढंच मागतो आणि तेवढंच मिळतं. जे सांगायचं असतं ते आपल्याला मागता येत नाही.

एका सकाळी सोनी फाटकापाशी येऊन उभी राहिली आणि आत शिरलीच नाही.

"माय, मी रस्त्याने जाते."

"वेडी झाली का? ट्रक चालतात."

"चालू दे. तिथे कोणी थांबून बघत नाही."

ती गेली. पुतळाबाई मागे मागे. टेम्पो अंगावरून गेल्यासारखा जाई आणि धूळ उडे, सोनी कुबड्या टेकत गटाराच्या कडेने चाले. शाळेत पोचली तेव्हा मधली सुट्टी झाली होती. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी एका ट्रकचा आरसा तिच्या दप्तराला लागला. काही झालं नाही, दप्तर फाटलं तेवढंच. पण त्या रात्री झुंबर प्रथमच ताटावरून उठला. म्हणाला, "पोरगी जीवानं राह्यली पाहिजे. शाळा पाहिजे का नको ते मी बोलत नई." आणि पाळीला निघून गेला.

सोनीच्या वर्गशिक्षिका मृणाल जोगळेकर घरी येऊन गेल्या. हजेरी कमी पडते आहे, अशाने शाळेतून परीक्षेला बसवता येणार नाही, पण नाव काढून बाहेरून बसायची सोय असते बहुतेक, चौकशी करावी लागेल, असं म्हणाल्या. बहुतेक हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. सोनी भिंतीकडे तोंड करून पुस्तकाला कव्हर घालत होती.

बाईंना पोचवायला पुतळाबाई फाटकापर्यंत गेली. बाई सहज वळून पलीकडे निघाल्या. बागेत तेव्हा गर्दी होती, घसरगुंडीवर पोरं ओरडत होती, चाळीतल्या बाया गवतावर पाय पसरून बसल्या होत्या. दुर्गाने हाक मारली, "ये की ग, बस जरा." जागा खरंच छान झाली होती. पुतळाबाईला कोणावर रागवावं कळेना. ललितवर नाही, तो नीटच बोलला होता. साहेबांवर नाही, भास्कररावांवर नाही. देवीवर तर नाहीच. ती थोडा वेळ नळीला धरून उभी राहिली. मग आत न जाता घरी परतली.

दुसऱ्या दिवशी उषाताईंकडची भांडी लवकर आटोपून, धुतलेलं लुगडं नेसून ती सोनीचं नाव काढून शाळा सोडल्याचा दाखला आणायला निघाली.