अल्पमतातले मामा

आमच्या गावच्या सरपंच मामांइतका कायम अल्पमतात राहिलेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. हे मी उगाच म्हणत नाही. ग्रामपंचायतीत नऊ सदस्य आहेत आणि त्यांतले मामांच्या बाजूला दोन: एक पंक्चरवाले चाचा आणि दुसऱ्या एक मावशी, ज्यांना बैठकीत हमखास झोप लागते. घरी मामी, दोन मुली आणि मामांची आई, म्हणजे तिथे तर मामांच्या बाजूला कुणीच नाही. मामांना शेपूची भाजी फार आवडते, पण त्यांच्या घरात कितीतरी वर्षांत शेपू शिजलेला नाही. "ठराव मांडतो ना मी, पण अनुमोदकच मिळंना," असं ते स्वतःच सांगतात आणि ताटात वाढलेलं वांगं मुकाट्याने खातात. टीव्हीवर कुठल्यातरी राज्यातलं सरकार पडायला आल्याची बातमी लागली की मामा चहाच्या हॉटेलात आवाज मोठा करायला लावतात. "थांबा रे जरा, ऐकू द्या. आपल्याच धंद्यातली लोकं हायेत."

ते माझे सख्खे मामा नाहीत. माझे आजोबा त्यांना मामा म्हणायचे, माझे बाबा म्हणतात आणि मीही म्हणते. मामांचा खरा धंदा काळीपिवळी जीप चालवण्याचा. आमचं गाव ते तीर्थपुरी आणि परत, कधी भाडं मिळालं तर शहागडपर्यंत. सरपंच झाल्यावर ते गाडी सोडतील असं लोकांना वाटलं होतं. पण झालं उलटंच, त्यांनी ग्रामपंचायतच गाडीत आणली. सरपंचाचा शिक्का डॅशबोर्डच्या कप्प्यात, तंबाखूच्या डबीशेजारी. कुणाला दाखला पाहिजे असेल तर मामा गाडी बाजूला घेतात, बोनेटवर कागद पसरतात आणि सही करतात. मी कॉलेजच्या प्रवेशाला रहिवासी दाखला दिला तेव्हा तिथले क्लार्क तो उलटसुलट करून बराच वेळ बघत राहिले. शेवटी नाकाजवळ नेऊन म्हणाले, "याला डिझेलचा वास कसा काय येतो?" मी नुसतंच म्हटलं, "सर, सरपंचांचा आहे."

गाडी चालवताना मामा प्रत्येक गोष्ट मताला टाकतात. गाडी गच्च भरलेली असते, टपावर पोती असतात आणि पुढे बाभळीखाली एखादी म्हातारी गाठोडं घेऊन उभी दिसते. मामा वेग कमी करतात आणि आरशात बघत विचारतात, "घ्यायचं का आजीला? हात वर करा." एकही हात वर होत नाही. खरं तर हात वर करायला जागाच नसते. "ठराव नामंजूर," असं मोठ्याने जाहीर करून मामा गाडी थांबवतात आणि म्हातारीला आत घेतात. मग सगळे ओरडतात. मामा शांतपणे गिअर टाकत म्हणतात, "अल्पमताचं सरकार असंच चालवावं लागतं बरं का."

ते निवडून कसे आले तेही सांगायला हवं. आमच्या गावात दोन मोठे गट आहेत. वरच्या आळीत अण्णा आणि खालच्या आळीत बापू. दोघांचं जुनं वैर. सरपंचाची निवडणूक थेट गावातून झाली, त्यात या दोघांनी एकमेकांची इतकी मतं खाल्ली की मधल्यामध्ये मामा निवडून आले. सदस्यांत मात्र अण्णा धरून चार त्यांच्या गटाचे आणि बापू धरून तीन बापूंच्या. दोन वर्षं मामांचं बरं चाललं, कारण अण्णांनी एखादी गोष्ट नको म्हटली की बापू ती हवीच म्हणायचे.

मग मामांनी ओढ्यावरच्या पुलाचा विषय काढला. हा ओढा गाव आणि तीर्थपुरी रस्त्याच्या मध्ये येतो. पाणी वाढलं की जीपही जात नाही, आणि पूल नाही म्हणून एसटीही येत नाही. आगारातले साहेब दर वेळी एकच सांगायचे, आधी पूल करा, मग बस मागा. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बारावी झाल्यावर मी तीर्थपुरीच्या कॉलेजात नाव घातलं, तेव्हा बाबांनी मला एका वर्षाची मुदत दिली. ते रागावून बोलले नाहीत, उलट खाली बघत बोलले. "गर्दीच्या जीपमधी रोज लोंबकळत जायचं, आन् ओढा भरला की तिकडंच अडकायचं. बस सुरू झाली तर शीक पुढं. न्हाई तर मला रोजचा घोर नको." म्हणून मामांनी ग्रामपंचायतीचा निधी पुलाला लावला आणि सिमेंटचे मोठमोठे पाइप ओढ्याच्या काठावर येऊन पडले, तेव्हा गावात सर्वात जास्त आनंद मला झाला असेल. मजेची गोष्ट अशी की एसटी आली की मामांच्या जीपला कोण विचारणार, हे गावातल्या लहान पोरांनाही कळत होतं. मामी तर रोज बोलायच्या. मामा म्हणायचे, "घरातलं बहुमत पुलाच्या इरोधात हाये, पण काम चालू राहील."

पण अण्णांना त्याच निधीतून वेशीवर वडिलांच्या नावाची कमान पाहिजे होती आणि बापूंना खालच्या आळीत सभागृह. जन्मात एका पंगतीला न बसलेले हे दोघं या पुलामुळे एकत्र आले. काम थांबवायचं, अर्ध्या निधीची कमान, अर्ध्याचं सभागृह, आणि सरपंचपद आधी एकाला, मग दुसऱ्याला. मामांवर अविश्वास ठराव आला. तहसीलदारांनी बैठकीचा दिवस दिला. ठराव मंजूर व्हायला दोघांचे मिळून सात हात वर व्हायला हवे होते, एकही कमी पडून चालणार नव्हता. त्यानंतर ठराव गावसभेपुढेही जाणार होता, पण तिथे दोन्ही आळ्या एक झाल्यावर मामांचं काय चालणार? मामांची खुर्ची गेली असती तर माझं कॉलेजही गेलं असतं, इतका साधा हिशेब होता.

आता सातही जण बैठकीपर्यंत एकत्र राहिले पाहिजेत, कुणी फुटता कामा नये, म्हणून त्यांनी तुळजापूरला देवदर्शनाला जायचं ठरवलं. अडचण एवढीच होती की अण्णांच्या गाडीत बापूंची माणसं बसेनात आणि बापूंच्या भाच्याच्या गाडीत अण्णांची. सात माणसं एकत्र मावतील अशी गावातली तटस्थ गाडी एकच होती.

अण्णांनी मामांना फोन केला तेव्हा मी चाचांच्या दुकानात सायकलमध्ये हवा भरत होते. मामा तिथेच टायर बघत उभे होते.

"तुळजापूर? जाऊ की. किती जणं?" मामांनी विचारलं. मग जरा थांबले. "सात? बराबर सात? बरं बरं. गाडी धुऊन ठेवतो."

चाचांच्या हातातला पाना खाली पडला. "क्या मामू, अपनीच मय्यत कू अपनाच कंधा देते क्या तुम?"

"अहो चाचा, सवारी हाये. आन् मला बी कुठं दर्शन झालंय औंदा?"

मला तेव्हा मामांचा इतका राग आला की मी हवा भरायची अर्धवट सोडून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आई मावशीकडे शहागडला जायला फाट्यावर उभ्या होतो. मामांची जीप आली आणि नेहमीप्रमाणे थांबली. आत सातही सदस्य पांढऱ्या कपड्यांत बसलेले. पुढच्या सीटवर अण्णा. त्यांच्या देहामुळे तिथे दुसऱ्या कुणाला जागा नव्हती. मधल्या सीटवर कोपऱ्यात बापू दाबून बसलेले.

"मामा, गाडी का थांबवली?" अण्णा ओरडले. "ही गुप्त ट्रिप हाये!"

"मंग गुप्तच ठेवू की. ताई काय कुणाला सांगणार न्हाईत. का हो ताई?"

"मी कशाला सांगू बाई?" आई मागच्या बाकावर टेकत म्हणाली. "मला म्हाईतच न्हाई तुळजापूरला चाललेत ते."

मागे बसून मला कळलं की पुढच्या सीटचा प्रश्न गावातच निघाला होता. पुढे बसेल तो मोठा, मोठा असेल तो आधी सरपंच, असा अर्थ दोघांनीही धरलेला. शेवटी तोडगा निघाला होता: शहागडपर्यंत अण्णा, शहागडपासून पुढे बापू. मामा खड्डे चुकवत, सगळ्यांना जपून नेत होते. बापूंना ऊन लागत होतं तर त्यांनी आपला रुमाल काचेला लावून दिला. माझं कॉलेज बंद करायला निघालेल्या माणसांना इतक्या मायेने नेणारा माणूस बघून मला रडू येत होतं.

शहागडला हायवेवर, ट्रक उभे असतात तिथल्या हॉटेलाजवळ जीप थांबली. सगळे उतरले, भजी आली. अण्णा मात्र सीटवरून हलले नाहीत. भजी त्यांनी जागेवरच मागवली. मी धीर करून मामांना विचारलं, "मामा, तुम्ही ह्यांना कशाला नेताय?"

"बाळा, गाडीत बसला की सवारी. उतरला की इरोधक. गाडीतल्या माणसासंगं काय भांडायचं?"

तोवर बापू पुढच्या दाराशी जाऊन उभे राहिले होते.

"अण्णा, शहागड आलं."

"आलं की."

"मंग उतरा."

"कुठं उतरू? शहागडपर्यंत म्हणजी शहागड संपस्तोवर. गोदावरीचा पूल ओलांडला की संपतं. तवा बघू."

"पुलापल्याड बीड जिल्हा लागतो! म्हणजी जालना जिल्हा सगळा तुम्हाला आन् मला बीड?"

"माझ्या पायाला सूज हाये बापू."

"सूज पायाला न्हाई, दुसरीकडंच हाये! आज सीट सोडंना हा माणूस, उद्या खुर्ची सोडंल का रे?" बापूंनी आपल्या माणसांना विचारलं. त्यांची दोन्ही माणसं भजी खायची थांबली.

मामा हातातला चहा ठेवून धावत आले. खरं सांगते, त्यांना भांडण मिटवायचंच होतं. "हे बघा, बिलकुल वाद नको. अण्णा, तुम्ही सरकून इकडं स्टेरिंगवर या. तिथं बापूला बसू द्या. मी मागं पोरीपाशी बसतो. झालं, दोघं बी पुढं!"

अण्णांनी स्टेरिंगकडे बघितलं. "मला कुठं चालवता येती?"

"मंग बापू?"

"मला ट्रॅक्टर येतो," बापू हळूच म्हणाले.

शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर इतका मोठ्याने हसला की त्याच्या तोंडातला चहा बाहेर आला. मग आई हसली, हॉटेलवाला हसला, शेवटी अण्णांचीच दोन माणसं तोंड फिरवून हसायला लागली. अण्णा लालबुंद झाले. बापू आपली दोन माणसं घेऊन रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभे राहिले. तिथेच आघाडी मोडली. मामांना मात्र खरंच वाईट वाटत होतं. "अहो, देवीचं दर्शन ऱ्हायलं की," असं ते एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला जाऊन सांगत होते. एका गाडीत दोन्ही गट पुन्हा बसेनात, म्हणून मामांनी दोन खेपा केल्या. आधी अण्णांना गावात सोडलं आणि मग परत येऊन बापूंना नेलं.

बैठकीच्या दिवशी बापू आणि त्यांची माणसं आलीच नाहीत. ग्रामपंचायतीच्या दारातून चाचा धावत बाहेर आले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. "गिर गया! ठराव गिर गया!" मी ओढ्याकडे गेले आणि तिथल्या एका पाइपावर बसून पोटभर रडले. हसतही होते. थोड्या वेळाने मामा तिकडेच आले. मी त्यांना काहीतरी मोठं बोलायचं ठरवलं होतं, पण तेवढ्यात त्यांनी खिशातून खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "ऊठ, त्या पाइपावरनं. उद्या तो बसवायचाय."

पूल झाला. एसटी आली त्या दिवशी मामांनीच तिला चौकात वळवून घेतलं, "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत पत्र्यावर थापा मारत. बाबांनी गर्दीतून मला बघितलं आणि मान डोलावली. मी आता दुसऱ्या वर्षाला आहे.

मामांच्या जीपचा धंदा हळूहळू बसला. बाजाराच्या दिवशी ती तेवढी निघते, एरवी कोंबड्या तिच्या सावलीत बसतात. पंचायत समितीच्या कामाला निघाले की मामा आमच्याच बसने येतात. तिकीट काढतात, ड्रायव्हरच्या अगदी मागच्या सीटवर बसतात आणि मला अभ्यासाचं विचारतात. बोलता बोलता पुढे वळण आलं की त्यांची नजर रस्त्यावर जाते आणि उजवा पाय बसच्या खालच्या पत्र्यावर, ब्रेक असावा तसा, आपोआप दाबला जातो. मी तेव्हा खिडकीबाहेर बघते.