पोंचकीचा देश

एखादा देश चांगला की वाईट हे तिथले लोक काय तळतात यावरून ठरवणारी एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली, ती म्हणजे आमच्या शेजारच्या सिस्टर. सैन्य, सोनं, क्रिकेट, चंद्रावर माणूस पाठवणं असल्या गोष्टींना त्यांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. चाळीच्या ओट्यावर आम्ही पुरुषमंडळी रशिया-अमेरिकेवर तावातावाने बोलत असलो, की ड्यूटीवरून येणाऱ्या सिस्टर सायकल थांबवून एवढंच विचारायच्या, "तळत्यात काय तिकडं?" कुणालाच उत्तर यायचं नाही. मग दोन्ही महासत्तांना नापास करून त्या सायकलला स्टँड लावायच्या.

सत्तरच्या दशकात नाशकात गंगापूर रोडला अजून वस्ती विरळ होती. आमच्या बैठ्या चाळीच्या मागे पेरूची बाग होती आणि पुढे रस्त्यावर सायकलींचंच राज्य होतं. मी जवळच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, चाळिशीच्या आसपास, एकट्या राहणाऱ्या. त्यांचं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी कधी घेतलं नाही. त्या मूळच्या कोल्हापूरकडच्या, आणि तिकडच्या बायकांसारखं "मी येतो, मी जातो" असंच बोलायच्या. आमच्या नाशकातल्या बायकांना त्याची सुरुवातीला मोठी गंमत वाटायची. नंतर चाळीतल्या दोन-तीन मुलीही "मी जातो" म्हणायला लागल्या आणि गंमत संपली.

गोडाचा कुठलाही पदार्थ पुढे आला की सिस्टर तो आधी खात नसत, तपासत. बालुशाही दोन बोटांनी दाबून बघत, जशी पेशंटच्या पायावरची सूज दाबून बघावी. "नुसती सूज हाय, आत काय न्हाई," असं म्हणून ती बशीत परत. लग्नाला गेल्या तर वधूवरांच्या आधी आचाऱ्याला भेटत. कॉलेज रोडच्या वळणावर सटाण्याकडच्या एका माणसाची बेकरी होती. त्याच्यापुढे सिस्टर कागदावर एक गोळा काढून, त्याच्या पोटात लाल ठिपका देऊन उभ्या राहत. तो बिचारा कागद उलटासुलटा करून म्हणायचा, "हाई काय शे, सिस्टर? पाव शे का बॉम्ब शे?" सिस्टर म्हणायच्या, "पोंचकी." तो म्हणायचा, "मंग नाय आपल्याकडे."

हा शब्द मी प्रथम ऐकला त्या दिवशी सिस्टर परदेशी टपालाचं कोरं निळं पत्र घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. "सर, पोलंडला पत्र लिवायचंय. विंग्रजीत."

"कुणाला लिहायचं?"

"त्येच ठाऊक असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

मग त्यांनी सांगितलं. महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. बायका, मुलं, म्हातारी माणसं. घरंदारं सोडून अर्धं जग फिरत तिथे येऊन पोचलेली. सिस्टरांचं गाव तिथून मैलभरावर. त्यांची आई छावणीतलं धुणं धुवायची. तिथे एक मारिशाबाई होती. तिने एकदा कणकेसारख्या पिठाचे फुगीर गोळे तुपात की कशात तळले, आत गुलाबाचा मुरंबा घातला आणि आठ वर्षांच्या सिस्टरांना खायला दिले. त्या पदार्थाचं नाव पोंचकी. ती पुन्हा खायची, आणि ती मुळात कुठली, तिथले लोक कसे, हे शोधून काढायचं, एवढीच सिस्टरांची इच्छा होती.

मी दिल्लीला पोलंडच्या वकिलातीला पत्र लिहिलं. महिन्याभराने जाडजूड, गुळगुळीत कागदाचं एक इंग्रजी मासिक आलं, आणि मग दर महिन्याला येतच राहिलं. त्यात ट्रॅक्टर होते, पोलादाच्या भट्ट्या होत्या, समुद्रात उतरणारी अजस्र जहाजं होती. सिस्टर एकेक पान बोटाला थुंकी लावून उलटत, आणि शेवटी मला जाब विचारत, "येवढी जहाजं बांधत्यात आणि तळत कायच न्हाईत?"

मग त्यांनी मोर्चा परदेशी प्रवाशांकडे वळवला. त्या वर्षांत लांब केसांचे, झोळीवाले गोरे तरुण नाशकात बरेच दिसायचे. सुट्टीच्या दिवशी सिस्टर पांडवलेण्यांच्या पायथ्याशी जाऊन बसत आणि एखादा दिसला की समोर उभ्या राहून विचारत, "कंट्री?" तो देशाचं नाव सांगे. "फ्राय? स्वीट? फ्राय?" बहुतेक जण त्यांना फेरीवाली समजून "नो, थँक यू" म्हणत. एकदा असाच एक दाढीवाला तापाने फणफणून त्यांच्या वॉर्डात दाखल झाला. तो जर्मन निघाला. एकशे तीन ताप, कपाळावर ओल्या पट्ट्या, आणि सिस्टर त्याला विचारतायत तुमच्याकडे काय तळतात. त्याने ग्लानीत सांगितलं की आमच्याकडेही अगदी अस्संच करतात, आत मुरंबा घालून. सिस्टर घरी आल्या त्या गंभीर चेहऱ्याने. "आजारी माणूस. बरळायचाच," म्हणाल्या. पण त्याला बरं वाटून डिस्चार्ज मिळेपर्यंत त्यांनी त्याच्यासाठी रोज घरून मुगाची खिचडी नेली.

अखेर त्या स्वतःच करायला लागल्या. फेब्रुवारीतल्या कुठल्यातरी गुरुवारी, त्या लोकांच्या मोठ्या उपासाच्या आधी, हा पदार्थ करतात, एवढं त्यांना आठवत होतं. नेमका कुठला गुरुवार ते आठवत नव्हतं. चुकायला नको म्हणून त्या फेब्रुवारीचे चारही गुरुवार धरत. बेकरीवाल्याकडून खमीर आणत, पीठ रात्रभर उबदार राहावं म्हणून त्यावर स्वतःचं ब्लँकेट घालत. गोळे तळून झाले की आत गुलकंद भरायचा प्रश्न येई. तो त्यांनी मेन रोडवरून विकत आणलेल्या, वीस मिनिटं उकळलेल्या काचेच्या मोठ्या सिरिंजने सोडवला. डाव्या हातात पोंचकी, उजव्या हातात सिरिंज, आणि तोंडाने, "हलू नगंस. झालं, झालं." हे त्या पोंचकीलाच म्हणत होत्या, याची मी शपथ घेऊ शकतो. मग तबक घेऊन घरोघर वाटत. पहिला घास स्वतः घेऊन, डोळे मिटून, मान हलवत. "न्हाई. ही ती न्हवं."

आता माझ्या शहाणपणाबद्दल. एका सुट्टीत मी वाचनालयात बसून विश्वकोश चाळला आणि विजयी मुद्रेने सिस्टरांकडे गेलो. त्यांना म्हटलं, "सिस्टर, तुमचा शोध संपला. पीठ तळून गोड करणं जगात सगळीकडे आहे. रोमन करत होते, अरब करत होते. पोलंडचं असं खास काही नाही. अहो, हे आपलं गुलगुलंच!"

 सिस्टर वाळलेल्या साड्यांच्या घड्या घालत होत्या, त्या घालत राहिल्या. शेवटची घडी झाल्यावर म्हणाल्या, "गुलगुलं मला ठाऊक न्हाई व्हय, सर? गावात पाटलाच्या घरी लगीन असलं की घमेली भरून गुलगुली तळायची. आम्ही लांब बसायचो, आमच्या आळीची माणसं. समद्यांचं झालं की कोणतरी यायचं आणि वरनं आयच्या पदरात टाकायचं. चार पदरात, दोन मातीत. मातीतली मी फुंकून खायचो. गोडच लागायची. गोडाला काय त्येचं."

मी उभाच होतो. त्यांनी मला बसा म्हटलं नाही.

"छावणीत आय धुणं द्याय गेली, मी संगं. मारिशाबाई पीठ मळत हुती. माझ्याकडं बघून हसली, माझी मनगटं धरली आणि दोन्ही हात पिठात घातलं. आय दारातनं वरडली, 'बाई, शिवू नगा, इटाळ व्हईल!' तिला काय कळतंय? ती मला आपल्या भाषेत म्हणत हुती, लाव जोर, लाव जोर. मग तिनं तळली. तिची पोरं, शेजारणी, एक म्हातारा, समदी टेबलाला बसली आणि खाल्ली. मी मळलेली, सर. मला मधी बसवलं." त्यांनी साड्यांचा गठ्ठा उचलला. "आसा एक देश हाय कुठंतरी. मला तो बघायचा न्हाई. हाय, येवढं पक्कं करायचंय."

आमच्या घरची एक गोष्ट मला इथे सांगायलाच हवी. माझ्या आईला सिस्टर दर आठवड्याला जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायच्या, एक पैसाही न घेता. आई दंड पुढे करायची, "तुमचा हात किती हलका" म्हणायची. आणि फेब्रुवारीत बशी आली की हसून घ्यायची, "आज गुरुवार, उपास आहे हो" म्हणायची, आणि सिस्टरांची पाठ वळली की ती बशी भांडीवालीला द्यायची. शुक्रवारीसुद्धा. इंजेक्शन चालायचं, पोंचकी चालायची नाही. मी ते बघत होतो आणि आईचं वय झालंय अशी स्वतःची समजूत घालत होतो. सिस्टरांना हे कळत असेल का, असं मी कधी मनाशी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारायची गरज उरली नाही.

त्याच आठवड्यात मी त्या मासिकाच्या वाचकांच्या पानासाठी एक पत्र लिहिलं, यावेळी सगळं लिहिलं. उत्तर यायला जवळजवळ वर्ष गेलं. पोलंडमधल्या एका लहान गावातल्या शिक्षिकेचं पत्र होतं. तिचं इंग्रजी माझ्या नववीतल्या मुलांसारखं, पण अक्षर मोत्यासारखं. तिची मावशी लहानपणी वळिवड्याला होती. मी सिस्टरांना बोलावलं. त्या युनिफॉर्मवरच येऊन खुर्चीच्या कडेला बसल्या. माझी बायको पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

मी वाचून मराठीत सांगत गेलो. मावशीला छावणीतल्या तीन मारिशा आठवत होत्या. एक तिथेच वारली, एक पुढे इंग्लंडला गेली, तिसरीचं काय झालं माहीत नाही. पोलंडला सगळे परतले नाहीतच. सध्या आमच्याकडे साखरेला आणि लोण्याला रांगा आहेत, तरी त्या गुरुवारी आम्ही पोंचकी करतोच. पिठात चमचाभर कडक दारू घालावी, म्हणजे गोळा तेल पीत नाही. मूळ पदार्थ व्हिएन्नाचा असं आमच्या आजीचं म्हणणं, व्हिएन्नाचे लोक आणखी कुणाचं नाव घेतात.

पुढच्या परिच्छेदाशी मी अडखळलो. तो मनातच वाचून काढला.

"का थांबला?"

"काही नाही. शेवट आहे. नमस्कार वगैरे."

"नमस्काराला येवढ्या ओळी?" सिस्टर म्हणाल्या. "पेशंटपासनं लपवायचं काम मी करतो, सर. मला तोंडं वळखायला येत्यात. वाचा."

मी वाचलं. मावशी म्हणते, त्या सिस्टरना खोटं कळवू नकोस. आमचं गाव तसं नव्हतं. आमच्या शेजारी ज्यू कुटुंब होतं. माझे वडील त्यांच्या टेबलाला कधी बसले नाहीत आणि त्यांना आमच्या टेबलाला कधी बोलावलं नाही. मग युद्ध आलं आणि ती माणसंच राहिली नाहीत.

 बाहेर कुणीतरी नळावर बादली लावली होती, तिचा भरण्याचा आवाज येत होता. सिस्टर हातातला रुमाल मांडीवर पसरत होत्या, पुन्हा गोळा करत होत्या.

"म्हंजे देशाचं न्हवतं ते," त्या म्हणाल्या. "मारिशाबाईचं एकटीचं हुतं."

मी मान हलवली. काहीतरी समजुतीचं बोलणार, तेवढ्यात त्या वर बघून म्हणाल्या, "मग तर लईच झालं की वो, सर! कुणी शिकवल्यालं न्हाई, रीत न्हाई, आणि तरी केलं तिनं." आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की माझी बायको दारातून येऊन सरळ त्यांच्या शेजारी बसली.

त्या फेब्रुवारीत देवळालीच्या एका निवृत्त सुभेदाराकडून औषधाच्या बाटलीत दोन चमचे रम आली. तिच्या आधी सिस्टरांनी कपाटातलं जखमेचं स्पिरिट बाहेर काढलं होतं, ते मी वेळेवर हिसकावून घेतलं. पीठ माझ्या बायकोने मळलं. गुरुवारचा उपास तिने सोमवारवर नेला होता. मी, बायकोने आणि सिस्टरांनी आमच्या जेवणाच्या टेबलाला बसून गरम गरम पोंचक्या खाल्ल्या. आईने नाही खाल्ली. खोटं कशाला सांगू? पण ती आत गेली नाही, आमच्यासमोर खुर्चीवर बसून राहिली आणि मध्येच म्हणाली, "गुलकंद जरा कमी भरा, सिस्टर, दाताला चिकटतो." सिस्टरांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं. त्यांना ती पोंचकी कशी लागली, हे विचारायचं मात्र राहून गेलं. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटलेच नाहीत, सारखं बोलत होत्या.

दोन वर्षांनी त्यांनी धाकट्या भावाजवळ राहायला मिळावं म्हणून कोल्हापूरकडे बदली मागून घेतली. सामान फारसं नव्हतंच. जायच्या आधी त्यांनी त्या मावशीला स्वतः एक पत्र लिहिलं, मराठीतून, आठ पानी. मी भाषांतर करून देतो म्हटलं तर म्हणाल्या, "नगं. ती पाच वर्सं तिथं हुती, कळंल तिला काय कळायचं ते."

त्या गेल्यानंतर चार-पाच महिन्यांनी पोस्टमनने आमच्या दारात एक जाड पाकीट आणून दिलं. पोलंडची तिकिटं, वर सिस्टरांचं पूर्ण नाव, आणि पाकिटावर एका कोपऱ्यात त्या मावशीनेच जपून गिरवलेली असावीत अशी चार मराठी अक्षरं: कोल्हापूर. पाकीट बराच वेळ माझ्या हातात होतं. बायको म्हणाली, "उघडू नका हं." मी आमचा पत्ता खोडला, शेजारी नवा पत्ता लिहिला आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आलो. आत काय होतं ते मला कधीच कळलं नाही. इंग्रजीत असेल, तर तिकडे त्यांना वाचून दाखवणारं कुणीतरी भेटलं असेल, आणि ते मध्येच थांबलं नसेल, एवढंच वाटत राहतं.