राजवाड्याचा राखणदार

माझे वडील आयुष्यभर बोटीवर खलाशी होते. सुट्टीवर घरी आले की पूर्णगडच्या आमच्या पडवीत बसून ते गोष्टी सांगत, आणि गाव त्यांना थापाड्या म्हणे. त्यांना त्याचं काही वाटत नसे. वाटायचं ते मला.

त्यांची लाडकी गोष्ट एका राजवाड्याची. रोमच्या कुठल्याशा बादशहानं राज्य सोडलं, समुद्रकाठच्या वाड्यात जाऊन राहिला आणि मजेत कोबी लावत बसला. पुढे राजवाडा पडला-झडला आणि लोकांनी त्यातच बिऱ्हाडं थाटली. "बादशहाच्या खांबाला दोरी बांधून बायका चड्ड्या वाळत घालतात," असं बाबा म्हणाले की पडवी मांड्या बडवून हसायची.

पुढचं मात्र ते हळू आवाजात सांगत. त्या वाड्याला राखणदार आहे. काळा दगडी, अंग सिंहाचं, हात माणसाचे आणि हातात भांडं. आता आमच्याकडे जागा म्हटली की राखणदार आलाच, आणि राखणदार म्हटला की नारळ आला. बाबांनी बोटीच्या भटारखान्यातून नारळ मागून आणला, त्याच्यापुढे ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्यात एकानं देवाशी बोलायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, अशी रीत. "पण तिथं व्हय म्हणायला कोण नव्हता," एवढी एकच खंत ते दर वेळी बोलून दाखवत.

पाचवीत बाईंनी वडिलांविषयी बोलायला सांगितलं. मी ही गोष्ट चड्ड्यांसकट ठोकून दिली. वर्ग महिनाभर हसत होता, मी दिसले की 'थापाड्याची पोर' म्हणत होता. मी रागीट, अजूनही आहे. घरी येऊन बाबांना बजावलं, "परत ती गोष्ट कुणाला सांगितलीत तर मी शाळेत जाणार नाही."

"बरं," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी वादळाच्या गोष्टी सांगितल्या, बर्फाच्या सांगितल्या. राजवाडा मात्र गेला तो गेलाच. विसरले असतील, असं मी धरून चालले. माझ्या सोयीचं होतं ते.

गेल्या मे महिन्यात मी रत्नागिरीहून दोन दिवस गावी गेले होते. पडवीत आम्ही तिघं कोकमांसाठी रातांबे फोडत बसलो होतो. मी, ऐंशीचे बाबा आणि शेजारचे म्हातारे तांडेल. थापाड्या हे नाव पाडलं ते यांनीच, आणि बाबांचे सगळ्यात जुने दोस्तही तेच. तेवढ्यात माझ्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती जर्मनीत नोकरी करते. सुट्टीत मैत्रिणींबरोबर क्रोएशियात कुठल्याशा बंदरावर गेली होती, तिथून आजोबांना समुद्र दाखवत होती. आजोबा समुद्राकडे बघतच नव्हते.

"बाय, तुझ्या पाठीमागची भिंत दाखव," ते एकदम म्हणाले. "मधी बुटकं दार हाय काय?"

"आहे, आजोबा."

"आत शिर. तळघर लागंल, थंडगार. सरळ जा. मग जिना. वर गेलीस की उजव्या हाताला बघ."

ती निघाली. माझ्या हातातला रातांबा हातातच राहिला. त्या तीन-चार मिनिटांत मी देवाला किती वेळा म्हटलं असेल, असू दे रे बाबा, असू दे! फोनमध्ये आधी अंधार, मग पायऱ्या, मग ऊन आणि उंच उंच खांब. वर एका खिडकीखाली दोरी, दोरीवर टॉवेल, आणि हो, चड्ड्यासुद्धा. तांडेल डोळे बारीक करून फोनवर वाकले. मुलगी उजवीकडे वळली.

काळा दगड. सिंहाचं अंग. माणसाचे हात, हातात भांडं.

"आजोबा, तुम्हाला कसं माहीत?" ती ओरडली. मी इतक्या जोरात हसायला लागले की कोंबड्या अंगणाबाहेर पळाल्या.

"नारळ हाय का बघ," बाबा म्हणाले.

"अरे मेल्या, चाळीस वर्षांवर झाली!" तांडेल म्हणाले. "ऱ्हाईल होय?"

मुलीजवळ मी पाठवलेले लांज्याचे काजू होते. तेच चार ठेवायला बाबांनी सांगितलं. राखणदार सगळं समजून घेतो म्हणाले. मग लाल हात जोडून त्यांनी पडवीतूनच आवाज लावला, "बा जागेच्या राखणदारा म्हाराजा, माजी नात आज तुज्या दारात आली हाय..."

"व्हय म्हाराजा!" पहिला आवाज तांडेलांचा. मग माझा. मग फोनमधून मुलीचाही.

फोन ठेवल्यावर तांडेल गुरगुरले, "कोबी कुठं दिसला? थापाड्या तो थापाड्याच." पण रातांबे फोडताना ते गालात हसत होते.

बाबांनी हातातला रातांबा खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "आता सांगू ना गो ती गोष्ट कुणाला? चालंल तुला?"

चेष्टा नव्हती ती. पाचवीतल्या पोरीला दिलेला शब्द ते आजवर पाळत होते. मला रडू आलं, हसूही आलं. रातांब्यांनी माखलेले हात मी तसेच जोडले.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.